हौदा किती फुटी?

पुण्याच्या बावधनमध्ये नवी गाडी ही आता बातमी राहिलेली नाही. ज्याच्याकडे दोन गाड्या आहेत तो तिसरीचं बघत असतो आणि ज्याच्याकडे तीन आहेत तो चौथी लावायला जागा बघत असतो. 2018 साली 'मुळशी पॅटर्न' आला तेव्हा जमीन गेल्यानंतर मुळशीत काय होतं ते सगळ्या महाराष्ट्रानं पडद्यावर पाहिलं. त्यातला गाड्यांचा भाग आम्ही आधीच पार्किंगमध्ये पाहिला होता. पांढऱ्या, काळ्या, उंच, रुंद, छताला काच असलेल्या, नंबर जुळवून घेतलेल्या. आत सात माणसं ऐसपैस बसतील अशी सोय, आणि बहुतेक वेळा बसलेला असतो एक माणूस आणि डॅशबोर्डवर एक गणपती. या गाड्या सकाळी दूध आणायला जातात. दूध पिशवीतलं, अर्धा लिटर.

अशा गावात माझ्या मेहुण्यानं जेवताना जाहीर केलं, "पिकअप घेतोय."

सासूबाईंच्या हातातला आमटीचा डाव तसाच वर राहिला. "म्हणजे टेम्पो?"

"टेम्पो नाही गं आई, पिकअप."

"मागं माल टाकतात ना?"

"हो."

"मग टेम्पोच की."

याच्यापुढे वाद नव्हता. मागं हौदा दिसला की पुणे जिल्ह्यातला माणूस टेम्पो म्हणणार, आणि याला जबाबदार पुणंच आहे. आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीनं आधी तीन चाकांवर आणि मग मॅटाडोरमधून इतका माल वाहिला, की 2005 साली कंपनीनं स्वतःचं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं तरी सासूबाईंना त्याची दखल घ्यावीशी वाटली नाही.

मेहुण्याची भूगावच्या अलीकडे नर्सरी आहे. त्याच्या धंद्यातला जड भाग झाडांचा नसतो, मातीचा असतो. लाल माती, शेणखत, कोकोपीटच्या विटा, सिमेंटच्या कुंड्या, लॉनच्या गुंडाळ्या, आणि नव्या सोसायट्यांच्या गेटवर लावायचे ते पाम, जे दिसतात सडपातळ पण मुळाच्या गोळ्यासकट चार माणसांना ऐकत नाहीत. आतापर्यंत तो भाड्यानं गाडी बोलवायचा. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर फोनवर नेहमी "निघालोय" म्हणतो. पिरंगुटमध्ये मिसळीची पहिली तर्री पडत असतानाही तो निघालेलाच असतो. तेव्हा स्वतःची गाडी घ्यायची हे मेहुण्याचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. घरच्यांचा आक्षेप व्यवहाराला नव्हताच. "लोकांना फोर व्हीलर घेतोय एवढंच सांग," सासूबाई म्हणाल्या. "कसली ते विचारलं तर विषय बदल."

त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती, पण त्याच्या उलटंही तितकंच खरं आहे. टाटांचा एस, म्हणजे ज्याला सगळा देश छोटा हत्ती म्हणतो, तो मे 2005 मध्ये बाजारात आला. दोन सिलिंडरचं 702 सीसीचं डिझेल इंजिन, ताकद 16 अश्वशक्तीची, वाहायचा पाऊण टन. पुण्यातल्या गिरीश वाघ यांच्या चमूनं ती गाडी घडवली. कागदावर रेघ ओढण्याआधी ही मंडळी तीनचाकी चालवणाऱ्यांकडे हिंडली आणि तुम्हाला काय हवं असं विचारत गेली, तेव्हा एकानं सांगितलं म्हणतात, की चार चाकं असली तर गावात लग्नाला मुलगी मिळते. कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात हा मुद्दा शिकवत नाहीत. इंजिनची ताकद इतरत्र अश्वशक्तीत मोजतात, आपल्याकडे ती स्थळांत मोजली गेली, आणि गाडी धो धो खपली. आजही मुळशी-मावळात मुलगा काय करतो याला "शेती" असं उत्तर दिलं की समोरून चहासुद्धा उशिरा येतो. "स्वतःची गाडी आहे, भाडी मारतो" म्हटलं की पोह्यांवर ओलं खोबरं पडतं. मेहुण्याचं लग्न होऊन बरीच वर्षं झालेली असल्यानं त्याला चाकांचा उपयोग नव्हता. त्याला हौदा मोठा हवा होता.

आमचे चिरंजीव मात्र वेगळ्याच मुक्कामी होते. "मामा, हायलक्स घे," त्यांनी फर्मावलं. या मुलानं अमेरिकेतल्या पिकअपचे इतके व्हिडिओ पाहिलेत, की त्याला टेक्सासमधले रस्ते कर्वे रोडपेक्षा जास्त पाठ आहेत. तिकडे पिकअप हा घराण्याचा मामला असतो. फोर्डची एफ मालिका 1977 पासून तिथली सगळ्यात खपाची पिकअप आहे. मागं हुक असतो, हुकाला घोड्यांची गाडी, चाकांवरचं घर नाहीतर बोट.

"बोट लावतात मामा मागं!"

"लावू की. आणि नेऊ कुठं? राम नदीत?"

राम नदीत पावसाळ्यात पाणी असतं. बाकीचे महिने काय असतं ते आमच्याकडे कुणी विचारत नाही.

तरी चिरंजीवांच्या समाधानासाठी हिशेब मांडला. टोयोटाची हायलक्स 2022 साली भारतात आली ती 34 लाखांच्या आसपास. इसुझूची व्ही-क्रॉस त्याच्याही आधीपासून आहे. दोन्ही देखण्या, दोन्हींत पाच माणसं गारेगार बसतात, दोन्हींना पांढरी नंबरप्लेट मिळते. आणि दोन्हींच्या हौद्यात कागदोपत्री जेवढं वजन टाकता येतं ते बोलेरो पिकअपच्या निम्मंही नाही. बोलेरो पिकअप एक टन तीनशेपासून सुरू होते, मॅक्स नावाच्या तिच्या नव्या भावंडांत दोन टन आणि दहा फुटी हौद्यापर्यंत जाते, आणि किंमत साधारण हायलक्सच्या टायरांपासून काचेपर्यंतच्या भागाएवढी. जितके पैसे जास्त तितका माल कमी, हे गणित मुलाला पटेना. त्याची चूक नाही, त्याला माल वाहायचाच नव्हता. माझं निरीक्षण असं, की ज्याला माल वाहायचा नसतो त्यालाच मालवाहू गाडी सगळ्यात जास्त आवडते. आमच्या भागात अशी एक भव्य पिकअप आहे. तिच्या हौद्यावर झाकण आहे, झाकणाला कुलूप आहे आणि आत मालकाची बॅडमिंटनची रॅकेट आहे.

मग शोरूम. कारच्या शोरूममध्ये कॉफी यंत्रातून येते, मालवाहू गाड्यांच्या शोरूममध्ये चहा टपरीवरून येतो आणि तो बरा असतो. पण खरा फरक गिऱ्हाइकात आहे. कार घेणारा माणूस दार उघडून आत बसतो, डोळे मिटतो आणि नवेपणाचा वास घेतो. पिकअप घेणारा पुढून बघतच नाही. तो सरळ मागं जातो, गुडघ्यावर बसतो, चाकाच्या आतल्या बाजूला मान घालतो आणि पाटे मोजतो. बोटानं एकेक पाटा मोजून झाला की उठतो, हात पँटला पुसतो आणि फाळक्याकडे वळतो. फाळका खाली पाडतो, वर घेतो, कडी लावतो, काढतो, पुन्हा आपटतो. त्या आवाजावरून पत्रा किती गेजचा आहे हे ओळखणारी माणसं पौड भागात आहेत. आमच्या शेजारी एक आजोबा आले होते, नातू बुकिंगच्या कागदांत गुंतलेला. आजोबांनी टोपी सारखी केली, हौद्याच्या कडेवर बसले, पाय हलवले, थोडे उसळले आणि म्हणाले, "म्हैस उभी राहील." गाडी पास झाली.

तिथं कुणी अ‍ॅव्हरेज आधी विचारत नाही. पहिला प्रश्न "हौदा किती फुटी?" दुसरा "पासिंग कितीचं?" आणि तिसरा, जरा जवळ सरकून, "पासिंग राहू द्या, टाकता किती येतं?" या तिसऱ्या प्रश्नाला सेल्समन आधी दाराकडे बघतो. "सर, कंपनी सांगते तेवढंच टाकायचं," तो मोठ्यानं म्हणतो. मग भुवया अशा काही वर करतो, की त्यात आणखी सहाशे किलो सहज मावावेत. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला 20 हजार दंड आहे, वर जादा भरेल त्या टनाला 2 हजार. भुवयांना दंड नाही.

खरेदीचा काळ मोठा मजेचा निघाला. 3 सप्टेंबर 2025 ला सरकारनं जाहीर केलं, की मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के होणार, पण 22 तारखेपासून. मधल्या काळात कोण गाडी घेणार? पण मधला बहुतेक काळ होता पितृपक्षाचा. म्हणजे तसंही कुणी घेणार नव्हतं. सर्वपित्री 21 ला, घटस्थापना 22 ला, आणि कर कमी 22 लाच. दिल्लीत पंचांग बघून अर्थखातं चालतं की काय हे मला ठाऊक नाही, पण सासूबाईंचा सरकारवरचा विश्वास त्या दिवसापासून दुणावला आहे. गाडी दसऱ्याला घरी आली. शोरूमवाल्यांनी दारापुढं पुठ्ठ्याची दोन फुटी चावी हातात देऊन फोटो काढला. खरी चावी सापडायला त्यानंतर बराच वेळ लागला, कारण ती हाराच्या पेटीत गेली होती. चारी चाकांखाली लिंबं ठेवली. मेहुण्यानं पहिला गिअर टाकला, तीन लिंबं फुटली, चौथं घरंगळून शेजारच्या कारखाली गेलं आणि त्या कारची दृष्ट निघाली.

पिवळी पाटी आली की माणसाच्या आयुष्यात शहाणे लोक वाढतात. "बॅज काढावा लागेल," एकानं सांगितलं. लागत नाही, साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर 2024 मध्ये नक्की केलं आहे. "ऐंशीच्या वर पळणार नाही बघ," दुसऱ्यानं सांगितलं. हे खरं आहे, वेगनियंत्रक असतो. पण चांदणी चौकात ऐंशीनं जायची स्वप्नं पाहणाऱ्या माणसाचा वेगनियंत्रक वेगळ्या ठिकाणी बसवायला हवा. चौकातला जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्री सुरुंग लावून उडवला, तेव्हा तोसुद्धा एका दमात पडला नव्हता. राहिलेला सांगाडा यंत्रं लावून पाडावा लागला. आता तिथं इतके रॅम्प झालेत, की पहिल्याच फेरीत कोथरूडची तुळस वारज्यात पोचली.

फाळक्यावर काय लिहायचं यावर घरात जी चर्चा झाली ती राज्याच्या अर्थसंकल्पाच्याही नशिबी येत नाही. 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला महाराष्ट्रात 2015 पासून बंदी आहे, त्यामुळे तीन शब्द वाचले. सासूबाईंना आई-वडिलांचा आशीर्वाद हवा होता, मेहुण्याच्या बायकोला मुलांची नावं, चिरंजीवांना डरकाळी फोडणारा वाघ. मेहुण्यानं व्यापारी बुद्धीनं नर्सरीचं नाव आणि मोबाइल नंबर टाकला. इथून गाडी त्याची राहिली नाही.

कारण मालवाहू गाडीवरचा नंबर म्हणजे भाड्याचा नंबर अशी लोकांची पक्की समजूत असते. नर्सरी हा शब्द लहान मुलांच्या शाळेचा असावा अशा भावनेनं ते पुढं जातात आणि विचारतात, "बाणेरला टू बीएचके शिफ्टिंगचं काय घेणार?" अनोळखी लोक निदान पैशाचं बोलतात. ओळखीचे "सहज" फोन करतात. सहज फोन करणाऱ्याकडे कपाट असतं. चुलत सासऱ्यांचा दिवाण, मित्राच्या आईची शिवणयंत्रं, मंडळाची भांडी, कुणाचं तरी भाताचं पोतं, जे एक म्हणून निघतं आणि पोचल्यावर अकरा होतं. आंबेमोहोर असल्यानं त्यातलं एक मेहुण्याच्या घरी उतरतं, तेवढ्यावर मैत्री टिकून आहे.

आणि एवढं सगळं वाहणारी ही गाडी रात्री कुठं असायची? गेटबाहेर. सोसायटीचा नियम: पिवळ्या पाटीच्या गाडीला आत मुक्काम नाही. मेहुण्याची स्वतःची जागा आहे, पट्टे आखलेले आहेत, वर फ्लॅटचा नंबर लिहिलेला आहे, आणि त्या जागेत त्याची स्कूटर एकटी उभी असायची. वॉचमन रोज त्याला सलाम करायचा आणि रोज वहीत लिहायचा: 'टेम्पो, आत 6.10, काम: घरी जाणे.' सभेत विषय निघाला तेव्हा एक सदस्य म्हणाले, सोसायटीचा लुक जातो. ज्या बागेमुळे लुक आला ती या गाडीतून आली, हे मेहुण्यानं सांगितलं. यावर अध्यक्षांनी दिलेला निर्णय असा, की बागेचं सामान असेल तर आत, मालक असेल तर बाहेर. आता तो रोज हौद्यात एक मोगऱ्याची कुंडी ठेवतो. वॉचमन कुंडीची नोंद करतो आणि गेट उघडतो.

फाल्गुन लागला की लांबचे पाहुणे फोन करून विचारतात, "तुमच्या बावधनचं बगाड कधी?" ते बावधन वाई तालुक्यातलं. तिथं रंगपंचमीला सोनेश्वरहून गावापर्यंत ते अजस्र बगाड बैल ओढत आणतात. आमच्या बावधनाला ओढण्याची अशी परंपरा नाही. पुण्याच्या हद्दीत टोइंग ही आपण करायची गोष्ट नसते, आपल्यावर होणारी असते. आपण औषधं घेऊन बाहेर येतो आणि आपली दुचाकी वाहतूक पोलिसांच्या टेम्पोत आडवी दिसते. ऑगस्ट 2021 मध्ये नाना पेठेत एक मोटारसायकल तर मालकासकट उचलली होती. मालक उतरला नाही आणि क्रेन थांबली नाही, असा तो पुणेरी तिढा अख्ख्या देशानं पाहिला.

त्यामुळे मेहुण्याच्या गाडीनं पहिल्यांदा दुसऱ्या गाडीला ओढलं तो प्रसंग मी नीट पाहून ठेवला आहे. परतीच्या पावसाचे दिवस, पौडच्या पुढं, डाव्या हाताला कापणीला आलेला भात. एका तरुण जोडप्यानं फोटोसाठी आपली पांढरी शुभ्र एसयूव्ही बांधाला लागून खाली उतरवली होती, आणि ती पुढच्या चाकांपर्यंत मुळशीची झाली होती. आम्ही पाम उतरवून रिकामे येत होतो. मेहुण्यानं गाडी डांबरावरच ठेवली. रिकाम्या पिकअपचं ढुंगण हलकं असतं, चिखलात गेली तर तीच फिरत बसते. त्यानं नाडा काढला आणि विचारलं,

"हुक कुठंय?"

"कसला हुक?" तो तरुण म्हणाला. त्याचे बूट माझ्या पहिल्या स्कूटरपेक्षा महाग असावेत.

नव्या गाड्यांना हुक दिसत नाही. बंपरवर एक चौकोनी झाकण असतं, ते नखानं काढलं की आत आट्याचं भोक असतं, आणि त्यात पिळायची लोखंडी कडी डिकीत स्टेपनीपाशी पान्याशेजारी झोपलेली असते. हे त्या तरुणाला ठाऊक नव्हतं. त्याला गाडीशी बोलून छत उघडता येत होतं, ते त्यानं चुकून उघडलंही, आणि पाऊस आत आला. त्याच्या बायकोनं शांतपणे पुस्तिका काढली, पान शोधलं, झाकण काढलं आणि कडी पिळून दिली. मग भात कापणाऱ्यांपैकी पाच जण आमच्या हौद्यात चढून मागच्या कडेला उभे राहिले, वजन पडावं म्हणून. मेहुण्यानं नाडा ताणून घेतला, झटका न देता अर्धा क्लच सोडला, आणि चौपट किमतीची ती गाडी 'फच्च' असा आवाज करून वर आली. तरुणानं यूपीआयसाठी मोबाइल काढला. मेहुण्यानं नर्सरीचं कार्ड दिलं. पुढं त्या तरुणानं चाफ्याची दोन झाडं घेतली आणि डिलिव्हरी मात्र फुकट मागितली.

पण या गाडीचे खरे मानाचे प्रवासी वेगळेच आहेत. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतीचा कायदा ग्राह्य धरला आणि घाटांवर भंडारा निर्धास्त उधळायला लागला. मेहुण्याच्या मित्राकडे खिलार जोडी आहे. बैल शर्यतीला चालत जात नाहीत. त्यांचे पाय महाग असतात. ते पिकअपमधून जातात, खाली भाताचा पेंढा, वर ताडपत्री, अंगावर झूल. जनावरांच्या वाहतुकीच्या नियमात गाई-म्हशींना प्रत्येकी 2 चौरस मीटर जागा सांगितली आहे. पीएमपीच्या सकाळच्या बसमध्ये एवढ्या जागेत आपल्याकडे कुटुंबं राहतात. पिढ्यान्‌पिढ्या माणसांना ओढत आलेला बैल हौद्यात उभा राहून मागं पळणारा रस्ता पाहत असतो, आणि त्याच्यापुढं गाडी चालवणारा मेहुणा इतक्या हलक्या हातानं गिअर टाकतो, की त्याच्या बायकोनं एकदा विचारलं, मी बसल्यावर असं का चालवत नाहीस? गेटवरच्या वॉचमननंही एकदा जोडी आत घेतली. बागेचं सामान आहे का, असं त्यानं विचारलं. शेणखत आहे, मेहुणा म्हणाला, फक्त अजून तयार व्हायचंय.

तेव्हा फाळक्यावरचा नंबर वाचून शिफ्टिंगसाठी फोन करणाऱ्या बावधन, पाषाण, भूगावकरांना त्याच्या वतीनं एवढंच सांगायचं आहे: डिझेल आणि हमाली तुमची, फ्रिज उभाच न्यायचा, "थोडंसंच सामान आहे" असं म्हणायचं नाही. आणि रविवारी फोन करू नका, रविवारी गाडी बैलांना दिलेली असते.